जुना मार्कलिन संच, पत्र्याचे रूळ आणि घरातला बोरघाट

घरी मॉडेल रेल्वे उभी करायची तर नवीन डिजिटल संच घ्यावा की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा जुना, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: जुना घ्या. त्यातही मार्कलिनचा, पत्र्याच्या रुळांचा. नाना पेठेत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, आता ते मुलगा पाहतो. मिक्सर, ड्रिल, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. बंद पडलेलं उघडायचं आणि परत फिरतं करायचं, हाच माझा जन्माचा धंदा. त्यामुळे हे परीक्षण मी इंजिनाच्या पोटात शिरून केलेलं आहे.

आधी वस्तूची ओळख. मार्कलिन ही जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावची कंपनी, १८५९ साली सुरू झालेली. सुरुवातीला ते बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची पत्र्याची भांडी करत. १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्यांनी ठरावीक मापांचे रूळ मांडले. रूळ पुढच्या वर्षी वाढवता येतात, संच हळूहळू मोठा होतो, ही कल्पना तिथून रुजली. १९३५ साली त्यांची लहान मापाची गाडी आली. तेच माप आज एच-ओ म्हणून ओळखलं जातं: प्रमाण १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे अंतर युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांचं आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे याच प्रमाणात ती १९ मिलिमीटरच्या वर जाईल. हुबेहूब भारतीय गाडी हवी असेल त्यांनी हा फरक सुरुवातीलाच मान्य करून टाकावा.

माझी पेटी मुंबईतल्या एका कुटुंबाकडून आली. त्यांचे वडील कामानिमित्त जर्मनीत होते, तिथून त्यांनी ती मुलांसाठी आणली होती. आत कॅटलॉग क्रमांक ३००० चं काळं इंजिन, छापील पत्र्याचे तीन डबे, काही मालडबे, रुळांचे ढीगभर तुकडे, विजेवर चालणारे दोन सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि एक ट्रान्सफॉर्मर. सगळं मिळून २२ हजार रुपये पडले. तुकडे सुटे सुटे परदेशातून मागवले असते तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून आकडा बराच वर गेला असता, म्हणून मला किंमत रास्त वाटली.

आता इंजिन. ३००० म्हणजे जर्मन रेल्वेच्या ८९ वर्गाचं छोटं टँक इंजिन, म्हणजे कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारं वाफेचं इंजिन, चाकांच्या तीन जोड्या, बॉडी ओतीव जस्ताची. हातात घेतलं की वजन जाणवतं, आणि हे वजनच पुढे घाटात कामाला येतं. बॉडी एका स्क्रूवर निघते. आत डोकावलं आणि मला फार बरं वाटलं, कारण आत माझी ओळखीची युनिव्हर्सल मोटर होती. तुमच्या मिक्सरमध्ये असते त्याच जातीची, फक्त अंगठ्याच्या पेराएवढी. फिरणारं आर्मेचर, त्याला वीज पोचवणारा तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, आणि त्यावर टेकणारे दोन ब्रश. एक ब्रश कार्बनचा आणि दुसरा तांब्याच्या जाळीचा. मोटरच्या स्थिर भागात, म्हणजे फील्ड कॉइलमध्ये, तारेच्या दोन गुंडाळ्या आहेत, एक गाडी पुढे नेण्यासाठी, दुसरी मागे. कोणत्या गुंडाळीत वीज सोडायची ते एक चिमुकला रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, ठरवतो. ट्रान्सफॉर्मरचं बटण शून्याच्याही मागे दाबलं की क्षणभर २४ व्होल्ट जातात, रिले खट् करून बाजू बदलतो आणि गाडीची दिशा बदलते. एरवी गाडी जास्तीत जास्त १६ व्होल्टवर चालते. यात कुठेही चिप नाही, प्रोग्रॅम नाही. सगळं डोळ्यांना दिसतं आणि चिमट्याने हलवता येतं.

इतकी वर्षं पडून राहिलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी वीज देऊ नये. जुनं तेल घट्ट होऊन डिंकासारखं बसलेलं असतं. मी चाकं, दांडे आणि गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले, कम्युटेटर पुसला आणि त्याच्या फटींत अडकलेली कार्बनची भुकटी टूथपिकने काढली. मग शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब, प्रत्येक बेअरिंगला. जास्त तेल हा या इंजिनांचा खरा शत्रू आहे. ते उडून कम्युटेटरवर जातं, ब्रश चिकट होतात, ठिणग्या पडतात, आणि लोक समजतात मोटर जळाली. मीटर लावून गुंडाळ्या तपासल्या, दोन्ही शाबूत. नवे ब्रश आणि चाकांवरचे रबरी टायर मात्र घेतले. जुन्या इंजिनांचे हे भाग अजून नवे मिळतात, हा या ब्रँडच्या बाजूने मोठा मुद्दा आहे. दिशा बदलताना काही इंजिनं जोरात उडी मारतात. तिथे रिलेची स्प्रिंग किंचित सैल केली की काम होतं.

पहिल्यांदा इंजिन रुळावर चाललं तेव्हा तेल तापल्याचा आणि ब्रशच्या ठिणग्यांचा मिळून जो वास आला, तो दुकानात मी रोज घेतलेला वास होता. घरात बसून हातात काम घेण्याची मजा निवृत्तीनंतर हरवली होती. ती मला या अर्ध्या किलोच्याही आतल्या यंत्राने परत दिली, आणि म्हणूनच मी हे इतकं लांबण लावून लिहितोय.

रुळांबद्दल लोकांची तक्रार असते की ते खेळण्यासारखे दिसतात. दिसतात खरे. पत्र्याचा उतरता पाया, त्यावर खडी छापलेली, आणि स्लीपरच्या मधोमध छोटे छोटे खिळे वर आलेले. पण हे खिळेच या पद्धतीचं मर्म आहेत. वीज मधल्या खिळ्यांतून येते, इंजिनाखालची लांब पट्टी ती उचलते, आणि परतीचा प्रवाह दोन्ही बाहेरच्या रुळांतून जातो. दोन्ही रूळ एकाच टोकाला जोडलेले असल्याने गाडी वळसा घालून आपल्याच मार्गावर उलट दिशेने परत आली तरी शॉर्ट होत नाही. दोन रुळांच्या डीसी पद्धतीत वीज एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून परत जाते; तिथे असाच वळसा घातला तर डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि थेट शॉर्ट. मग रूळ कापा, वेगळे स्विच बसवा. इथे मुलांनी मनाला येईल तसे रूळ जोडले तरी गाडी चालते. नव्या माणसासाठी याहून मोठी सोय मला दिसत नाही.

सिग्नलचं कामही असंच सरळ आहे. सिग्नलच्या अलीकडच्या तुकड्यात मधल्या खिळ्यांचा जोड तोडायचा. सिग्नल लाल असला की तेवढ्या भागात वीज नाही, गाडी तिथे येऊन आपोआप थांबते. सिग्नल मिळाला की निघते. माझी नात ईशा, सातवीत आहे, तिला हे एकदा दाखवल्यावर तिने स्वतःच वायरी ओढून दुसरा सिग्नल बसवला. नव्या डिजिटल संचात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता असतो, आवाज असतात, दिवे असतात, एकाच रुळावर चार इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. ते उत्तमच आहे. पण तिथे ईशाने बटण दाबलं असतं. इथे तिने सर्किट केलं.

रुळांची काळजी मात्र घ्यावी लागते. ते पत्र्याचे आहेत आणि पुण्याचा पावसाळा त्यांना मानवत नाही. सॉफ्ट कापडावर थोडं अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, वरचा थर गेला की गंज कायमचा. जोडाच्या जिभा वाकलेल्या असतील तर बारीक पक्कडीने सरळ करा. जून ते सप्टेंबर खोलीत ओल नको.

आता घाट. माझे मामा लोणावळ्याला बँकरवर असिस्टंट होते. कर्जतला गाडीच्या मागे जी इंजिनं लागतात आणि तिला ढकलत वर आणतात, ते बँकर. १८६३ साली खुला झालेला बोरघाट ३७ ला १ अशा चढाचा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडीला दिशा बदलून वर चढावं लागे, ते १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडलं. त्याच सुमाराला विजेची इंजिनं आली आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली. हे सगळं मामांच्या तोंडून ऐकत मी वाढलो. त्यामुळे रूळ हातात आल्यावर पहिला विचार घाटाचाच आला, आणि चढ ३७ ला १ च हवा, हे ठरलं.

हिशेब असा. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर सुमारे ९ सेंटिमीटर उंची लागते. ३७ ला १ ने ९ सेंटिमीटर चढायला ३३३ सेंटिमीटर रूळ, आणि उतरायला तेवढाच. मिळून साडेसहा मीटरच्या वर. माझा प्लाय ६ बाय ४ फुटांचा. मार्कलिनच्या आतल्या वळणाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर, बाहेरच्याची ४३.७. बाहेरची फेरी सुमारे साडेचार मीटर आणि आतली चार मीटर होते. दोन्ही फेऱ्या एकमेकींना जोडून एकच मार्ग केला, जो एका जागी स्वतःवरूनच पुलावर जातो. एकूण साडेआठ मीटरांत चढ बसला, उतार बसला आणि स्टेशनला दोन मीटरांच्या आसपास सपाट जागा उरली. प्लायच्या कडेला फूटभर पट्टी शिल्लक राहिली, तिथे मालधक्का केला.

एकटं ३००० तीन डबे घेऊन हा चढ चढतं, नवे टायर असतील तर. पण घाट म्हटला की बँकर हवाच, म्हणून मी दुसरं ३००० मिळवलं आणि मागे लावलं. जुन्या पद्धतीत रुळावरची सगळी इंजिनं एकाच व्होल्टेजवर एकदमच चालतात, त्यामुळे दोन सारखी इंजिनं बँकरसारखी छान काम करतात. एक गंमत मात्र होते. दोघांचे रिले वेगवेगळे. कधी एकाने दिशा बदलली, दुसऱ्याने नाही. मग ईशा ओरडते, “आजोबा, मागचं उलटं चाललंय!” की एकाला उचलायचं, दुसऱ्याला एक झटका द्यायचा, आणि परत जोडायचं.

मामांच्या काळचं घाटातलं इंजिन म्हणजे खेकडा, डब्ल्यूसीजी-१. मधे उंच केबिन आणि दोन्ही बाजूंना लांब नाकं. त्यातली पहिली इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथुरच्या कारखान्यात, एसएलएममध्ये बनलेली. त्याच कारखान्याने त्याआधी गोटहार्ड घाटासाठी अशाच ठेवणीची इंजिनं केली होती, ज्यांना तिकडे मगर म्हणतात, आणि ती मगर हे मार्कलिनचं सगळ्यांत गाजलेलं मॉडेल आहे. बोरघाटाचा खेकडा आणि गोटहार्डची मगर एकाच घराण्यातली. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरा खेकडा उभा आहे. त्याच्या शेजारी उभं राहून नाकाची लांबी डोळ्यांत भरून घ्या, मग मार्कलिनच्या मगरीचा फोटो बघा. जुनी मगर फार महाग जाते, मी अजून घेतलेली नाही. पण या संचावर पुण्याच्या माणसाने पैसे साठवावेत असं एखादं इंजिन असेल तर ते हेच.

सामानासाठी पुण्याबाहेर जावं लागत नाही. प्लाय टिंबर मार्केटमधून, १२ मिलिमीटरचा, आणि वॉटरप्रूफच घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात फुगतो. वायर, दिवे, स्विच, टर्मिनल पट्ट्या तापकीर गल्लीत. पक्कड, बारीक स्क्रू, फेविकॉल, जाळी बोहरी आळीत. जुन्या बाजारात बुधवार-रविवारी चक्कर मारायची ती जुने मीटर आणि चांगली छोटी हत्यारं मिळतात म्हणून. तिथे मार्कलिन मिळेल अशी आशा ठेवू नका. रुळांखाली जुनी योगा मॅट कापून घाला. पत्र्याचा रूळ उघड्या प्लायवर इतका घणघणतो की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील.

डोंगर करताना मात्र परदेशी पुस्तकांची गरज नाही. दिवाळीचा किल्ला ज्याने केला आहे त्याला डोंगर येतो. माती वजनाला जड म्हणून मी जाळीवर वर्तमानपत्राचा लगदा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस घातलं. कड्यांसाठी ओलं असतानाच चाकूने उभे ओरखडे काढले, कारण सह्याद्रीचा कडा थराथरांचा असतो, आल्प्ससारखा टोकदार नाही. वापरलेली चहा पावडर वाळवून चाळली की मातीचा रंग अगदी बरोबर येतो. भुश्शाला हिरवा रंग, वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं. कुंभारवाड्यातले मावळे इथे उपयोगाचे नाहीत. १:८७ मध्ये माणूस जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो.

सुरू करण्याआधी कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात एकदा जाऊन या. भाऊसाहेब जोशी यांनी ते उभं केलं, १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. एका माणसाने आयुष्यभर हौस जपली तर काय होतं, ते तिथे दिसतं: अख्खं छोटं शहर, गाड्या, रस्ते, रात्रीचे दिवे. खेळ सुरू झाला की सगळे गाडीकडे बघतात. मी म्हणेन, सांध्यांकडे आणि सिग्नलकडे बघा. कोणती गाडी कशासाठी थांबली आणि कुणी सुटायचं ठरवलं, हे लक्षात आलं की घरचा आराखडा कसा करायचा ते आपोआप सुचतं. लहान मुलांना घेऊन गेलात तर त्यांना एकदा सलग बघू द्या, प्रश्न नंतर. आणि तिकडून सारसबागेजवळ पेशवे उद्यानात फुलराणी या मुलांच्या छोट्या गाडीत बसवून आणा. १९५६ पासून पुण्याची मुलं तिच्यात बसत आली आहेत, मीही बसलो आहे.

कुणी हा संच घेऊ नये तेही सांगतो. ज्यांना डब्यांवर मध्य रेल्वेचं नाव आणि नेमका रंग हवा आहे, त्यांनी घेऊ नये. माझ्याकडे काहींनी सुचवलं की पत्र्याचे डबे दख्खनच्या राणीच्या रंगात रंगवा. मी रंगवणार नाही. ती छपाई पुन्हा होणार नाही. लांब आधुनिक डबे आवडत असतील तरी घेऊ नका, ३६ सेंटिमीटरच्या वळणावर ते बाहेर लोंबतात. अगदी गोगलगाईच्या गतीने स्टेशनात शिरणारी गाडी हवी असेल तर नवी डिजिटलच बरी. जुनी मोटर हळू चालते, पण तितकी नाही. आणि घरात हात चालवणारं कुणीच नसेल, तर जुनी पेटी कपाटात जाऊन बसेल.

अमेरिकन जुने संच कुणी स्वस्तात दिले तरी विचार करून घ्या. ते ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी आहेत. जर्मनीतली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, आणि जुने ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचे, म्हणून ते इथे चालतात. आपल्याकडे २३० च्या वर व्होल्टेज जातं तेव्हा बाहेरचं व्होल्टेजही त्या प्रमाणात चढतं, हे लक्षात ठेवून शेवटच्या आकड्यापर्यंत बटण फिरवू नका.

पेठांमधल्या जुन्या घरांत, माळ्यावर, अशी एखादी पेटी असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी ट्रान्सफॉर्मरची वायर बघा. जुन्या रबराला भेगा पडतात, वाकवलं की तुकडे गळतात आणि २३० व्होल्टची तार उघडी पडते. अशी वायर असेल तर प्लग लावायचाच नाही. रिवाइंडिंगवाल्याकडे द्या, तो नवी तीन-पदरी वायर टाकेल, इन्सुलेशन मेगरने तपासेल. त्याने होकार दिला की मग रूळ मांडा, वळणाच्या बारा तुकड्यांचं एक वर्तुळ होतं, ते जेवणाच्या टेबलावरही मावतं.